लेखी द्या, सर

सकाळी ६.३०

उसाची तोड सुरू झाली की आमच्या जुन्नर तालुक्यात बिबट्या वस्त्यांकडे सरकतो. मळ्यांतली मुलं मग नीट उजाडल्याशिवाय आणि सोबतीशिवाय शाळेला निघत नाहीत. जानेवारीत गावं उशिरा जागी होतात, पण माझा फोन साडेसहालाच वाजतो. रोजावर जाणाऱ्या आयांना बोलायला हीच वेळ मिळते.

आजचा फोन पाचवीतल्या एका मुलाच्या आईचा. "मॅडम, तुम्ही आज नक्की येनार ना? परवा सरांनी बोलवून घेतलं. म्हनले, ह्याला वाचता येत नाही, पाचवीला आता परीक्षा हाये, नापास झाला तर तिथंच बसंल. त्यापेक्षा मतिमंदांच्या शाळेत घाला."

"दाखल्याच्या अर्जावर सही केलीत का, ताई?"

"न्हाई. तुम्ही येस्तोवर थांबले."

"बरं केलंत. आता कशावरच सही करू नका. आणि येताना त्याच्या जुन्या वह्या आणा. पहिली-दुसरीच्याही, रद्दीत गेल्या नसतील तर."

मी विशेष शिक्षिका. जिल्हा परिषदेच्या एका केंद्रातल्या दहा-बारा शाळांमधली दिव्यांग मुलं माझ्याकडे आहेत. राज्यात अशी ४,८६० केंद्रं आहेत आणि २०२४ साली प्रत्येक केंद्राला विशेष शिक्षकाचं एक पद मंजूर झालं. त्याआधी आमच्यातले बहुतेक जण वर्षानुवर्षं कंत्राटावर होते. सर्वसाधारण शाळांतल्या दिव्यांग मुलांना कायमस्वरूपी विशेष शिक्षक मिळाले पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे यांच्या याचिकेवर निकाल देताना बजावलं होतं. पण पद भरलं म्हणून मुलाच्या हातात काही पडत नाही. त्याला काय मिळणार, कोण देणार आणि कधीपासून, हे तारखेसह कागदावर आलं तरच काही हलतं. माझा बहुतेक दिवस तो कागद करून घेण्यात जातो.

सकाळी ८.००

डबा भरला आणि त्या मुलाची फाईल काढली. पहिलाच कागद त्याच्या वर्गशिक्षिकेने ऑगस्टमध्ये भरलेल्या 'प्रशस्त'च्या सूचीचा. एनसीईआरटीचं हे ॲप २०२२ पासून आहे. वर्गशिक्षकाने मुलाचं निरीक्षण करून खुणा करायच्या. कायद्यातल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांपैकी कशाची शक्यता दिसते, ते त्यातून पुढे येतं. ते निदान नव्हे, फक्त इशारा. बाईंनी वाचन, श्रुतलेखन आणि ओळ गाळणं या सगळ्यांसमोर प्रामाणिकपणे खूण केली आहे. म्हणजे ऑगस्टपासून शाळेच्याच दप्तरी नोंद आहे. आज ती मला उपयोगी पडणार.

दुसरा कागद दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या सोळाव्या कलमाचा. मोठ्या अक्षरात छापून घेतलाय, कारण मुख्याध्यापकांच्या खोलीत उजेड कमी असतो आणि चष्मा नेमका वर्गात राहिलेला असतो. शैक्षणिक संस्थेने काय करायचं, याची यादी त्या कलमात आहे. त्यातच हे आहे की मुलांमधली विशिष्ट अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखायची आणि तिच्यावर मात करायला शिकवण्याचे योग्य उपाय योजायचे. ओळखायची जबाबदारी शाळेची. 'आधी प्रमाणपत्र आणा, मग बघू' असं या कलमात कुठेही नाही. हे पालकांना माहीत नसतं आणि खूप शिक्षकांनाही कोणी सांगितलेलं नसतं.

तिसरा कागद कोरा आहे. वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याचा नमुना. आम्ही सगळे त्याला आयईपीच म्हणतो.

सकाळी १०.३०

परिपाठ सुरू आहे. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार झाले आणि बोधकथा सांगायला नेमका तोच मुलगा पुढे आला. कथा त्याने आदल्या दिवशी मोठ्या बहिणीकडून ऐकली होती. न अडखळता, हातवारे करत, पहिलीच्या मुलांना हसवत त्याने ती सांगितली. मी वहीत लिहून घेतलं: ऐकून स्मरण उत्तम, मौखिक मांडणी वयाच्या पुढे.

अर्ध्या तासाने वर्गात मराठीचा तास. ओळीने एकेक उतारा वाचायचा होता. त्याची पाळी जवळ येऊ लागली तशी त्याची मान खाली गेली, मग पेन्सिल खाली पडली, मग पाणी प्यायला जाऊ का, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, जा. त्यांनाही ठाऊक आहे, आणि त्या त्याला अशा प्रकारे वाचवतात. त्यांच्या मनात माया आहे, यात मला शंका नाही. पण पाच वर्षं तो असाच पाणी पीत राहिला.

मधल्या वेळात मी त्याला व्हरांड्यात घेऊन बसले. वडील उन्हाळ्यात नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हमालीला जातात, सुट्टीत हाही बरोबर जातो. मी विचारलं, साडेचारशेने तीन क्रेट गेले तर किती? "तेराशे पन्नास," तो म्हणाला, मी बोटं मोडायच्या आत. मग तेच गणित कागदावर लिहून दिलं. 'एका शेतकऱ्याने' पाशीच थांबला. 'शेतात' वाचलं, मग अंदाजाने पुढचं. तिसऱ्या ओळीवरून पाचवीवर गेला आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

मी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याला कापलेली खिडकी कागदावर ठेवली. एका वेळी एकच ओळ दिसते. आता सावकाश, पण ओळीने वाचायला लागला. 'खर्च' ला अडला. दोनदा 'खच' म्हणाला. पण खाली 'मार्केट' आलं ते तत्काळ वाचलं. दोन्ही शब्दांत रफार आहे. एक त्याला येतो, कारण तो शब्द त्याने उन्हाळाभर पाटीवर पाहिलाय. मला जे हवं होतं ते इथे मिळालं: याला रफार शिकवायचा तर बाराखडीच्या तक्त्यापासून सुरुवात नको. 'मार्केट' पासून सुरू करू, मग 'वर्ग', 'खर्च', 'सूर्य'.

दुपारी १२.१५

मुख्याध्यापकांची खोली. सर, वर्गशिक्षिका, मुलाची आई आणि मी. आईने पिशवीतून वह्या काढल्या. दुसरीच्या वहीत फळ्यावरून उतरवलेलं पान इतकं सुबक होतं की सर म्हणाले, हे त्याचंच का? त्याचंच. पुढचं पान श्रुतलेखनाचं. पहिले दोन शब्द, तिसऱ्यावर खोडरबर इतका घासलेला की कागदाला भोक पडलंय. त्यापुढे कोरं. बाईंनी ते पान हातात घेतलं आणि बराच वेळ ठेवलं.

सर बोलायला लागले. "मॅडम, माझा विरोध नाही. पण वर्ग पाच आणि शिक्षक तीन. त्यात ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशेब, मध्येच सर्वेक्षण. एका मुलासाठी वेगळा वेळ कुठून आणू? मी त्याच्या भल्यासाठीच त्या शाळेचं बोललो."

सरांचं म्हणणं खोटं नाही. ज्याच्याकडे दोन वर्ग एकत्र आहेत, त्याला कायदा ऐकवून उपयोग नसतो; आधी त्याची अडचण मान्य करावी लागते. मी म्हटलं, "सर, ज्याला जादा वेळ लागत नाही तेवढंच आधी बघू. प्रश्नपत्रिका त्याला वाचून दाखवायची. मोठ्याने वाचायला सगळ्यांसमोर उभं करायचं नाही. उत्तर तोंडी आलं तर ते बाईंनी लिहून घ्यायचं. यात कोणाचा तास जातो?"

"एवढंच ना? मग करू की. सांभाळून घेऊ आम्ही त्याला."

'सांभाळून घेऊ' या दोन शब्दांची मला फार भीती वाटते. ते मनापासून म्हटलेले असतात, आणि म्हणून आई तेवढ्यावर उठून जाते. पुढे बाईंची बदली होते. जूनमध्ये नवे शिक्षक येतात, त्यांना या मुलाबद्दल कोणी काही सांगितलेलं नसतं, आणि मूल पुन्हा पाणी प्यायला जायला लागतं. सांभाळून घेणारा माणूस गेला की सांभाळणं संपतं. कागद मात्र मुलाबरोबर पुढच्या वर्गात जातो.

"लेखी द्या, सर," मी म्हटलं.

"वरून आदेश असल्याशिवाय मी लेखी कसं देणार?"

मी कलम सोळाचा कागद पुढे ठेवला आणि त्यांना स्वतःला वाचू दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग सतरावं कलम दाखवलं: परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट असे बदल करण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर आहे. जिल्हा परिषद हे स्थानिक प्राधिकरणच. आणि विशेष शाळा की जवळची शाळा, ही निवड कलम ३१ ने मुलाकडे, म्हणजे घरच्यांकडे ठेवली आहे. शाळेने ती करून द्यायची नसते. बाईंनी ऑगस्टमध्ये भरलेली सूची मी शेवटी दाखवली. त्यांनी वेळेवर नोंद केली, हे मी सरांसमोर आवर्जून सांगितलं, कारण ते खरं होतं आणि पुढचं काम त्यांनाच करायचं आहे.

आई इतका वेळ गप्प होती. ती आता बोलली. "मॅडम, पुण्याला नेऊन ते सर्टिफिकेट काढलं तर पोरगं येडं म्हनून लिहून येईल का?"

हा प्रश्न मला प्रत्येक घरात विचारला जातो आणि दर वेळी मी सावकाश उत्तर देते. अध्ययन अक्षमतेच्या तपासणीत बुद्ध्यांकही पाहतात, आणि बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन-लेखन मागे पडतंय असं दिसलं तरच हे निदान होतं. म्हणजे ते प्रमाणपत्र मुलगा हुशार असल्याचंच सांगतं. आठ वर्षं पूर्ण झाल्यावर ते काढता येतं. याला दहा पूर्ण झाली आहेत. पुढे दहावीला बोर्डाच्या सवलती घ्यायच्या तर ते लागेलच. रोज बुडेल, एसटीचं भाडं पडेल, कदाचित दुसऱ्यांदा जावं लागेल, हेही मी लपवलं नाही. पण प्रमाणपत्र येईपर्यंत शाळेतलं काम थांबणार नाही, हे आजच ठरलं पाहिजे. सरांनीही हे उत्तर ऐकलं. मतिमंदांच्या शाळेचा विषय त्यानंतर निघाला नाही.

मग लिहायला बसलो. आराखड्यात 'वाचन सुधारणे' असं उद्दिष्ट मी कोणालाही लिहू देत नाही. किती सुधारलं ते कोण आणि कसं मोजणार? आम्ही लिहिलं: ३१ मार्चपर्यंत रफाराचे ओळखीचे वीस शब्द खिडकीशिवाय वाचेल. प्रश्नपत्रिका वर्गशिक्षिका वाचून दाखवतील. लेखी परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा. परिसर अभ्यासाची उत्तरं तोंडी घेऊन लिहून ठेवायची. शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण भाषेखेरीज कुठल्याच विषयात कापायचे नाहीत. मंगळवारी एक तास मी घेईन, उरलेले दिवस शाळा सुटल्यावर घरी दहा मिनिटं सातवीतली त्याची बहीण त्याला वाचून दाखवेल आणि तो खिडकी सरकवत जाईल. आढावा १५ फेब्रुवारीच्या आठवड्यात, आई हजर असेल तेव्हाच.

दोन प्रती केल्या. सरांनी सही केली, शिक्का मारला, आवक नोंदवहीत क्रमांक टाकला. आईने सही करताना प्रत्येक अक्षर सुटं काढलं. तिची प्रत मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली आणि घरी कुठे ठेवणार, हेही विचारून घेतलं.

दुपारी २.४५

शाळेतली खिचडी खाऊन दुचाकीवर मळ्यातल्या एका वस्तीवर. नऊ वर्षांची मुलगी, मेंदूच्या पक्षाघाताने हातपाय ताठ, बोलणं नाही. शाळेच्या हजेरीपटावर ती 'गृहाधारित शिक्षण' या शेऱ्याखाली आहे. मी आठवड्यातून एकदा येते. तिला खास खुर्चीत पट्टा लावून बसवलं की हात थोडे मोकळे होतात. आज मी चार चित्रं समोर धरली: पाणी, भाकरी, गाय, शाळा. काय हवं, असं विचारल्यावर ती डोळे त्या चित्रावर रोखते. दोनदा फिरवून धरलं, दोन्ही वेळा शाळा.

आजी म्हणाली, "घंटा वाजली की दाराकडं बघती."

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तेव्हा तीव्र आणि बहुविध दिव्यांग मुलांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. पर्याय, हे महत्त्वाचं आहे. या घराला कोणीही विचारलेलं नव्हतं. शाळा सहाशे मीटरवर आहे. मुलगी घरी का आहे, तर रॅम्प चढवत नाही आणि स्वच्छतागृहात तिला बसवता येत नाही. यूडायस या शाळांच्या सरकारी माहितीत 'रॅम्प: आहे' अशी नोंद सापडेल. मी टेप लावून पाहिला होता. पायरीची उंची दीड फूट आणि रॅम्प सहा फुटी. उतार एकास बारा हवा, म्हणजे दीड फुटाला अठरा फूट लांबी. सहा फुटांवर चाकाची खुर्ची ढकलायला दोन पुरुष लागतात, आणि उतरताना तर मी कोणालाच उभं करणार नाही.

आजीबरोबर अर्ज लिहिला. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून रॅम्प वाढवणं, स्वच्छतागृहात आधाराची दांडी आणि कमोड. दुसरा अर्ज शाळेकडे: मुलीला आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास वर्गात बसवायचं आहे, त्यासाठी समग्र शिक्षा योजनेअंतर्गत मदतनीस भत्ता आणि प्रवास भत्ता मंजूर व्हावा. दिव्यांग मुलींना महिना २०० रुपये प्रोत्साहन भत्ता असतो, तो तिला मिळतो आहे का, हेही पासबुकात बघितलं. मिळाला होता. आजीने अंगठा उठवला. पाच टक्क्यांच्या निधीतून आतापर्यंत काय काय झालं, हे ग्रामसभेत उभं राहून विचारायचं, असंही तिला सांगितलं. "इच्यारीन की," ती म्हणाली. ती विचारेल.

सायंकाळी ५.००

गट साधन केंद्रात नोंदी. दुपारच्या आराखड्याची प्रत फाईलला, एक फोटो केंद्रप्रमुखांना. फोटो पाहून त्यांचा फोन आला की पुढच्या शिक्षण परिषदेत हे वीस मिनिटं सगळ्या मुख्याध्यापकांना सांगा. मी लगेच हो म्हटलं. बोलताना मी कायद्याच्या कलमांनी सुरुवात करणार नाही. आधी ती दुसरीची वही दाखवीन, आईची परवानगी घेऊन.

रात्री ८.३०

दहावीतल्या एका अल्पदृष्टी मुलीच्या वडिलांचा फोन. लेखनिक ठरलाय, नववीतली मुलगी आहे, पण जादा वेळेचं परीक्षा केंद्रावर कोणी मान्य केलं नाही तर? तासाला वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. विभागीय मंडळाच्या मंजुरीचं पत्र शाळेत आलेलं आहे. मी म्हटलं, त्याच्या दोन छायाप्रती उद्याच घ्या, एक प्रवेशपत्राला जोडून ठेवा आणि पहिल्या पेपरच्या आधी केंद्रसंचालकांना जाऊन भेटा. आयत्या वेळी भांडण केलं तर मुलीचा पेपर बिघडतो. आधी दाखवलेलं पत्र शांतपणे काम करतं.

तुमच्या घरात, शेजारात, भावकीत असं मूल असेल तर तोंडी आश्वासनावर उठून येऊ नका. साध्या कोऱ्या कागदावर मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहा: माझ्या मुलाला वाचताना, लिहिताना, ऐकताना, चालताना ही अडचण आहे, त्याची पडताळणी करावी, वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार करावा आणि त्या बैठकीला मला बोलवावं. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या, तारखेसह. आणि आपल्या केंद्राचे विशेष शिक्षक कोण आहेत, ते कुठल्या वारी शाळेत येतात, हे उद्याच शाळेत जाऊन विचारा. नाव आणि फोन नंबर मिळाल्याशिवाय परत येऊ नका.